सर्पविष आणि रोगप्रतिकारक पेशी : दंशाच्या क्षणापासून घरी परतेपर्यंत काय करावे आणि का

सोलापूर जिल्ह्यात सापाशी गाठ पडते ती बहुधा कामाच्या जागी. उजनीच्या पाण्यावर वाढलेल्या उसाच्या फडात, ज्वारीच्या काढणीत, कडब्याच्या गंजीखाली किंवा रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेले असताना दंश होतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे भारतातील बहुतांश प्राणघातक दंशांना जबाबदार असणारे चार साप आहेत. विष म्हणजे रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडवणारा किंवा श्वास बंद पाडणारा पदार्थ, एवढीच आपल्याकडे त्याची सर्वसाधारण समजूत असते आणि ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. विशेषतः घोणस, फुरसे आणि नाग यांच्या दंशानंतर सुजणे, फोड येणे, मांस काळे पडणे आणि रक्तदाब घसरणे यांत आपल्याच रोगप्रतिकारक पेशींचा मोठा वाटा असतो. विष त्या पेशींना चेतवते, त्यांतील काहींना मारते आणि उरलेल्यांकडून आपल्याच ऊतींची नासाडी करून घेते. प्रतिविष, म्हणजे विषावर रुग्णालयात टोचले जाणारे औषध, मोकळ्या विषाला निष्प्रभ करू शकते, पण एकदा चेतवल्या गेलेल्या पेशींना ते माघारी बोलावू शकत नाही. प्रथमोपचारापासून जखमेच्या देखभालीपर्यंतचे पुढील सारे सल्ले या एका वस्तुस्थितीवर उभे आहेत.

पहिली पायरी : दंशानंतरची पहिली काही मिनिटे

विषाचे दात त्वचेत शिरताच सर्वांत आधी जाग्या होतात त्या त्वचेतील मास्ट पेशी. त्यांच्या पोटात हिस्टामिन आणि प्रथिने कापणारी विकरे (एन्झाइम) कणांच्या रूपाने साठवलेली असतात, आणि विषातील फॉस्फोलायपेज ए-२ सारख्या विकरांमुळे ते कण बाहेर फेकले जातात. हिस्टामिनमुळे केशवाहिन्या सैल होतात, त्यांच्यातील द्रव बाहेर झिरपतो आणि सूज सुरू होते. या पेशी केवळ उपद्रवी आहेत असे मात्र समजू नये. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील संशोधनात असे दिसले की मास्ट पेशींमधील कार्बोक्सिपेप्टिडेज नावाचे विकर काही सर्पविषांचे तुकडे करते, आणि मास्ट पेशी नसलेले उंदीर त्याच विषाला अधिक सहज बळी पडतात. म्हणजे सुजेची सुरुवात ही अंशतः संरक्षणाची कृती असते. आलेल्या विषाच्या प्रमाणापुढे ती तोकडी पडते, एवढेच.

या टप्प्यात करायचे काम साधे आहे, पण घाबरलेल्या घरात नेमके तेच होत नाही. रुग्णाला बसवावे किंवा आडवे करावे आणि दंश झालेला हात वा पाय अजिबात हलू देऊ नये. विषातील मोठ्या आकाराची प्रथिने थेट रक्तात शिरत नाहीत; ती प्रामुख्याने लसिकावाहिन्यांतून पुढे सरकतात, आणि लसिकेला, म्हणजे ऊतींतून गोळा होणाऱ्या पातळ द्रवाला (लिम्फ), स्वतःचे हृदय नसल्याने तिचा प्रवाह मुख्यतः स्नायूंच्या हालचालीवर चालतो. धावत घरी येणारा शेतकरी स्वतःच्या पोटऱ्यांनी विष वर ढकलत असतो. म्हणून अस्थिभंगाला देतो तसा आधार बांबूच्या कामट्या, पट्टी, जाड पुठ्ठा किंवा घट्ट गुंडाळलेले वर्तमानपत्र यांनी द्यावा आणि वरून कापडाने सैलसर बांधावे. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण, घड्याळ आणि करदोडा लगेच काढावेत, कारण सूज चढल्यावर हेच दागिने रक्तप्रवाह अडवतात.

दोरी किंवा पंचा करकचून बांधणे का घातक आहे, हेही पेशींच्या दृष्टीने पाहावे. बंधनाखाली विष आणि चेतवलेल्या पांढऱ्या पेशी एकाच ठिकाणी कोंडल्या जातात, त्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि ऊती दुहेरी माराने मरतात. शिवाय रुग्णालयात बंधन एकदम सोडले तर साठलेले विष एकाच वेळी शरीरभर जाते. चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, बर्फ लावणे आणि जखम जाळणे या गोष्टी मेलेल्या ऊतींचे प्रमाण वाढवतात, आणि मेलेल्या पेशींतून सांडणारे घटक हेच रोगप्रतिकारक पेशींना धोक्याची सूचना देणारे सर्वांत जोरदार संकेत असतात. कडुनिंबाचा पाला किंवा मिरची खायला देऊन विष चढले की नाही हे ठरवण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी चालते. चवीवरून विषबाधेचे निदान होत नाही. वेळ मात्र जातो.

जवळ पेन असेल तर दंशाची वेळ त्वचेवरच लिहावी आणि सूज जिथपर्यंत आली आहे तिथे एक रेघ ओढावी. दर अर्ध्या तासाने नवी रेघ ओढत गेल्यास डॉक्टरांना सुजेचा वेग डोळ्यांनी दिसतो.

दुसरी पायरी : कोठे जावे

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ती लांब असेल तर मिळेल त्या वाहनाने, रुग्णाला आडवे ठेवून निघावे. दुचाकीखेरीज पर्याय नसेल तर रुग्णाला मध्ये बसवून मागे एका माणसाने धरावे. बार्शी, करमाळा किंवा सांगोला तालुक्यातील माणसाने मोठे रुग्णालय हवे म्हणून थेट सोलापूर शहर गाठण्याचा आग्रह धरू नये. प्रतिविष उपलब्ध असलेले जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठून तेथे पहिली मात्रा घ्यावी आणि मग गरजेनुसार सोलापूरच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात पुढे जावे. निघतानाच दूरध्वनी करून तेथे प्रतिविष आहे का, हे विचारून घ्यावे. साप मारण्यात किंवा पकडण्यात एक मिनिटही घालवू नये. भारतीय प्रतिविष या चारही सापांवर एकत्रितपणे काम करणारे असल्याने साप हाती नसला तरी उपचार अडत नाही.

तिसरी पायरी : पहिल्या काही तासांत आत काय घडते, हे समजून लक्षणे सांगणे

घोणस आणि फुरसे यांच्या विषात धातूवर अवलंबून असणारी प्रथिनभंजक विकरे विपुल असतात. ती केशवाहिन्यांच्या भिंतींना आधार देणारे कोलॅजन कापतात, त्यामुळे रक्त ऊतींत झिरपते. फॉस्फोलायपेज ए-२ पेशींच्या आवरणातील मेद तोडते आणि त्यातून अॅराकिडोनिक आम्ल सुटते. त्यापासून शरीर प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्रायिन बनवते, जी वेदना, सूज आणि पांढऱ्या पेशींचे आकर्षण वाढवतात. ऊतींत ठाण मांडून बसलेल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशी हे सारे ओळखून टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६ यांसारखी सायटोकाइन, म्हणजे पेशींना निरोप देणारी, प्रथिने सोडतात. जवळच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर त्यामुळे चिकट बनते आणि रक्तातून वाहणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तेथे अडकून बाहेर पडू लागतात. काही तासांत त्यांची गर्दी होते.

न्यूट्रोफिल जीवाणूंशी लढण्यासाठी बनलेल्या आहेत. विष हा जीवाणू नव्हे. त्याला गिळून संपवता येत नाही. तरीही त्या आपली नेहमीची शस्त्रे, म्हणजे ऑक्सिजनची दाहक संयुगे आणि इलॅस्टेजसारखी विकरे, बाहेर सोडतात आणि त्याचा मार आजूबाजूच्या स्नायूंना बसतो. त्यांचे आणखी एक शस्त्र फुरशाच्या दंशात विशेष महत्त्वाचे ठरते. न्यूट्रोफिल मरताना आपल्या केंद्रकातील डीएनए बाहेर फेकून त्याचे जाळे विणतात. म्हैसूर विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की फुरशाच्या विषामुळे ही जाळी मोठ्या प्रमाणावर तयार होतात, ती विषाला दंशाच्या जागीच अडकवतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, त्यामुळे ऊती सडतात. वेळेवर डीएनए तोडणारे विकर दिल्यास ही हानी कमी झाली. विष एका जागी रोखून ठेवणे शरीराच्या इतर भागांसाठी सोयीचे आणि त्या पायासाठी महागाचे ठरते. हा उपचार अजून रुग्णांसाठी नित्याचा झालेला नाही, पण दंशाच्या जागी अडकलेल्या विषापर्यंत उशिरा दिलेले प्रतिविष नीट का पोहोचत नाही, याचे एक सयुक्तिक कारण त्यातून मिळते.

नागाच्या विषाचा डाव वेगळा आहे. त्यात कोब्रा व्हेनम फॅक्टर नावाचे प्रथिन असते, जे आपल्या रक्तातील सी-३ या पूरक प्रथिनाच्या सक्रिय तुकड्यासारखे दिसते. पूरक प्रथिनांची साखळी ही रोगप्रतिकारशक्तीची रक्तातील तयार फौज. ती एरवी चालू झाली की काही मिनिटांत आवरली जाते. नागाच्या या प्रथिनापासून बनलेले विकर मात्र शरीराच्या नियंत्रकांना जुमानत नाही आणि सी-३ संपेपर्यंत साखळी चालूच ठेवते. त्यातून निघणारे तुकडे मास्ट पेशी आणि न्यूट्रोफिल यांना पुन्हा चेतवतात. प्रयोगशाळांमध्ये प्राण्यांची पूरक प्रथिने मुद्दाम संपवण्यासाठी हेच प्रथिन कित्येक दशके वापरले जाते. नागाच्या विषातील सायटोटॉक्सिन हा दुसरा घटक पेशींची आवरणे थेट भेदतो आणि त्यात पांढऱ्या पेशीही सापडतात.

मण्यारीचा दंश या सर्व वर्णनाला अपवाद आहे आणि म्हणूनच तो फसवा आहे. तिचे विष चेता आणि स्नायू यांच्या जोडावर काम करते. दंशाच्या जागी पेशींची फारशी धावपळ होत नाही, त्यामुळे सूज नाही, वेदना जवळजवळ नाही. रात्री झोपेत दंश होतो आणि पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे अशा तक्रारी सुरू होतात. सूज नाही म्हणजे विष नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्या नातेवाइकांनी एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी पुरे.

रुग्णालयात पोहोचताच पुढील गोष्टी न विचारताही सांगाव्यात : दंशाची वेळ, काय बांधले किंवा लावले होते, सुजेच्या रेघा, काखेत किंवा जांघेत दुखते का, लघवीचा रंग, हिरड्यांतून रक्त, पापण्या मिटणे, पूर्वी कधी प्रतिविष घेतले होते का, दमा किंवा औषधाची अॅलर्जी आहे का, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. काख किंवा जांघेतील दुखणारी गाठ ही किरकोळ तक्रार नाही. विष लसिकेतून तेथील गाठींपर्यंत, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या ठाण्यापर्यंत, पोहोचल्याची ती लवकर मिळणारी खूण असते.

चौथी पायरी : तपासण्या आणि अहवाल वाचणे

सर्वांत उपयोगी तपासणीला यंत्र लागत नाही. सुमारे २ मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरपी करतात. रक्त वाहिले तर गोठण्याची प्रक्रिया बिघडली आहे. नळी काचेचीच हवी, कारण प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर गोठण्याची क्रिया नीट सुरू होत नाही.

रक्ताचा संपूर्ण अहवाल हाती येतो तेव्हा नातेवाईक सर्वांत आधी पांढऱ्या पेशींचा आकडा पाहतात. प्रौढांत तो साधारण ४,००० ते ११,००० प्रति घन मिलिमीटर असतो; दंशानंतर तो बराच वर गेलेला, त्यात न्यूट्रोफिलचे प्रमाण वाढलेले आणि लिम्फोसाइटचे घटलेले आढळू शकते. याचा अर्थ जंतुसंसर्ग झाला असा घेऊ नये. सायटोकाइन आणि ताणाच्या संप्रेरकांमुळे अस्थिमज्जा आपला न्यूट्रोफिलचा साठा रक्तात सोडते आणि वाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या पेशीही प्रवाहात येतात. त्यामुळे केवळ या आकड्यावरून भारी प्रतिजैविके मागणे योग्य नाही. आकडा चढता राहिला आणि त्यासोबत दोन-तीन दिवसांनी ताप, पू, दुर्गंधी दिसली, तर गोष्ट निराळी. बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, घटत असतील आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) वाढत असेल तर ते पांढऱ्या पेशींच्या आकड्यापेक्षा अधिक गंभीर आहे. घोणशीच्या दंशात मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका मोठा असतो, म्हणून लघवीचे प्रमाण मोजून लिहून ठेवावे.

पाचवी पायरी : प्रतिविष

सर्पदंश झालेल्या प्रत्येकाला प्रतिविष देत नाहीत. काही दंशांत विष सोडलेलेच नसते. विषबाधेची खूण दिसली तरच ते देतात, अन्यथा २४ तास निरीक्षणाखाली ठेवतात, आणि हे धोरण रुग्णाच्या हिताचेच आहे.

प्रतिविष म्हणजे घोड्यांनी बनवलेली प्रतिपिंडे, अर्थात विषाला चिकटून त्याला निष्प्रभ करणारी प्रथिने (अँटिबॉडी). घोड्याला वाढत्या मात्रेने विष टोचले जाते, त्याच्या बी-लिम्फोसाइट पेशी काही आठवड्यांत प्रतिपिंडे बनवतात आणि ती शुद्ध करून कुपीत भरली जातात. माणसाचे शरीरही अशी प्रतिपिंडे बनवू शकते, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि घोणस तेवढी मुदत देत नाही. १० मिलिलिटरची एक कुपी घोणशीचे आणि नागाचे प्रत्येकी सुमारे ६ मिलिग्रॅम, तर मण्यार व फुरशाचे प्रत्येकी ४.५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. घोणस एका दंशात सरासरी ६० मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते असे धरले तर सुरुवातीला ८ ते १० कुप्या का देतात, हा हिशेब लक्षात येतो. मुलांनाही तेवढ्याच कुप्या लागतात, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. आजी-आजोबा येथे हमखास हरकत घेतात. त्यांना हाच हिशेब सांगावा.

रक्त गोठत नसेल तर ६ तासांनी नळीची तपासणी पुन्हा करतात, कारण विष निष्प्रभ झाल्यावर यकृताला गोठण्याचे घटक नव्याने तयार करायला तेवढा वेळ लागतो. भारतातील प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतील सापांपासून मिळवले जाते आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, त्यामुळे काही रुग्णांना अपेक्षेपेक्षा जास्त कुप्या लागल्या तर तो डॉक्टरांचा दोष मानू नये.

आता प्रतिविषाच्या प्रतिक्रियेविषयी. घोड्याचे प्रथिन आपल्या शरीराला परके असते, आणि पहिल्या काही मिनिटांपासून तासाभरात खाज, गांधी उठणे, ओकारी, धाप, रक्तदाब कोसळणे अशी प्रतिक्रिया उमटू शकते. येथेही मास्ट पेशीच मध्यभागी असतात. मात्र बहुतेक वेळा पूर्वीच्या अॅलर्जीमुळे नव्हे, तर पूरक प्रथिनांच्या साखळीमार्गे त्या चेततात. त्यामुळेच त्वचेवर आधी चाचणी-मात्रा टोचून पाहण्याचा उपयोग नाही : ती प्रतिक्रियेचे भाकीत करत नाही आणि वेळ खाते. प्रतिक्रियेवरचे मुख्य औषध अॅड्रेनलिन; प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम स्नायूत देतात. श्रीलंकेत हजाराहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रतिविषाआधी दिलेल्या अॅड्रेनलिनच्या लहान मात्रेने तीव्र प्रतिक्रिया कमी झाल्या, तर हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथाझिन यांनी तसा फायदा दिला नाही. सलाइन लावल्यावर पहिली १५ मिनिटे नातेवाइकाने रुग्णाच्या चेहऱ्याकडे, मानेकडे आणि श्वासाकडे लक्ष ठेवावे आणि खाज सुटली तरी लगेच परिचारिकेला सांगावे. प्रतिक्रिया आली म्हणून प्रतिविष कायमचे बंद होत नाही. ती आवरल्यावर ते हळू वेगाने पुन्हा सुरू करतात.

सहावी पायरी : सुजलेला अवयव आणि जखम

प्रतिविष पूर्ण झाल्यावरही सूज एक-दोन दिवस वाढताना दिसू शकते, आणि येथेच कुटुंबाचा धीर सुटतो. मोकळे विष संपलेले असते, पण आधीच आलेल्या न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज आपले काम आटोपेपर्यंत थांबत नाहीत. अवयव किंचित उंच ठेवावा, फोड फोडू नयेत, हळद, चुना किंवा कोणताही लेप लावू नये, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन डॉक्टर सांगतील तेव्हा घ्यावे. वेदनेसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक स्वतःहून देऊ नये. ही औषधे प्रोस्टाग्लँडिन रोखतात हे खरे, पण बिंबिकांचे आणि मूत्रपिंडांचे काम बिघडवतात, आणि विषाने नेमक्या त्याच दोन जागा आधीच दुबळ्या केलेल्या असतात. पॅरासिटामॉल पुरेसे असते.

सुजेवर स्टेरॉइड द्यावे असा आग्रह काही ठिकाणी होतो. स्टेरॉइड दाह कमी करते या साध्या तर्काने तो पटण्याजोगा वाटतो, पण विषाच्या स्थानिक परिणामांवर त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. पेशींना सरसकट गप्प करणे दुरुस्तीच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नाही, कारण पुढच्या दिवसांत याच मॅक्रोफेज मेलेले स्नायू साफ करतात आणि नव्या स्नायूपेशींना वाढण्याचे संकेत देतात. पाय टणक झाला म्हणून घाईने चीर देण्याचा निर्णयही, स्नायूंतील दाब मोजून आणि रक्त गोठू लागल्याची खात्री करूनच घ्यायचा असतो. मांस काळे पडले, बोटे थंड झाली किंवा बधिरता वाढली तर शल्यचिकित्सकांचे मत त्याच दिवशी घ्यावे.

सातवी पायरी : घरी गेल्यावर

दंश भरला, माणूस शेतावर जाऊ लागला आणि साधारण आठवडा-दीड आठवड्याने ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ, गाठी सुजणे सुरू झाले, तर गावात “विष उलटले” असे म्हणतात. विष उलटलेले नसते. एवढ्या दिवसांत रुग्णाच्या बी-लिम्फोसाइट पेशींनी घोड्याच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार केलेली असतात, दोहोंची गुंतागुंत होऊन ते पुंजके सांध्यांत आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तेथे दाह होतो. याला सीरम सिकनेस म्हणतात. स्टेरॉइडचा उपयोग असलाच तर तो येथे आहे, आणि काही दिवसांच्या गोळ्यांनी बहुतेकांना आराम पडतो. प्रतिविष पुन्हा देण्याची गरज नसते. त्यामुळे घरी सोडताना या लक्षणांची कल्पना डॉक्टरांकडून स्पष्ट मागून घ्यावी आणि ती दिसताच त्याच रुग्णालयात जावे, मांत्रिकाकडे नव्हे.

घोणशीच्या दंशातून वाचलेल्यांनी काही आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घ्यावी. सतत थकवा, कमी रक्तदाब किंवा मासिक पाळी थांबणे असे काही जाणवल्यास मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची तपासणी करण्याविषयी विचारावे, कारण या विषाने त्या ग्रंथीलाही इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

एकदा साप चावून वाचलेल्याच्या अंगात विषाची ताकद येते, ही समजूत मात्र मनातून काढून टाकावी. एका दंशाने तयार झालेली प्रतिपिंडे पुढच्या दंशातील संपूर्ण विष आवरण्याइतकी नसतात. उलट काहींच्या शरीरात विषाविरुद्ध आयजी-ई प्रकारची, म्हणजे अॅलर्जी घडवणारी, प्रतिपिंडे तयार होतात आणि दुसऱ्या दंशात विषाच्या परिणामाआधीच मास्ट पेशींची तीव्र अॅलर्जी उसळू शकते. वारंवार साप हाताळणाऱ्या सर्पमित्रांना हा धोका विशेष आहे. अशा व्यक्तीने, तसेच पूर्वी प्रतिविष घेतलेल्या प्रत्येकाने, किती कुप्या दिल्या आणि प्रतिक्रिया आली होती का, हे लिहिलेला रुग्णालयाचा कागद जपून ठेवावा, घरातल्या दोघांना तो कोठे आहे हे माहीत असावे आणि त्याचे छायाचित्र मोबाइलमध्येही असावे.